घरातील मिरची, मावा आणि पहिले शील

धम्मविषयक लेखांनी भरलेल्या या स्मरणिकेत मिरचीवरील माव्याविषयी लेख पाहून काही उपासक-उपासिकांना नवल वाटेल. परंतु आपल्या वस्तीत आज असे घर क्वचितच असेल की जेथे गॅलरीत, गच्चीत किंवा खिडकीच्या कठड्यावर दोन-चार कुंड्या नाहीत. आणि कुंड्या आल्या की त्यांत तुळस असो वा नसो, मिरचीचे एखादे झाड असतेच. ठेच्यापुरत्या चार मिरच्या घरच्या घरी तोडता येतात, याचा आनंद काही वेगळाच असतो. हिवाळा लागला की याच झाडांवर मावा पडतो. मग वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर चपला घालता घालता भगिनीवर्गात हमखास एक प्रश्न निघतो, 'त्याच्यावर काय मारायचे?'

या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. झाड कसे वाचवावे, हा एक. दुसरा असा की, सकाळी ज्या हातांनी आपण पंचशील घेतले त्याच हातांनी संध्याकाळी शेकडो जीव मारावेत काय? आम्ही शेतीतज्ज्ञ नाही आणि पंडितही नाही. कला शाखेचे पदवीधर व हौसेने कुंड्या सांभाळणारे एक सामान्य उपासक आहोत. तरीही वाचनातून आणि अनुभवातून या दोन्ही प्रश्नांविषयी जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

मिरची घरात का आणावी लागते?

मिरची मूळची आपल्या देशातील नव्हे. ती मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील वनस्पती असून पोर्तुगीजांच्या बरोबर सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आली. आज भिवापुरी मिरचीवाचून वऱ्हाडी जेवणाची कल्पना करवत नाही, इतकी ती आपली झाली. शेतात आपण तिचे एका हंगामाचे पीक घेतो, म्हणून ती वर्षायू आहे असा समज आहे. वास्तविक थंडीपासून जपले तर मिरचीचे झाड दोन-तीन वर्षे सहज जगते आणि दुसऱ्या वर्षी, मुळे आधीच पसरलेली असल्यामुळे, लवकर फळ देते.

अडचण थंडीची आहे. रात्रीचे तापमान पंधरा अंशांच्या खाली गेले की तिची वाढ मंदावते, फुले गळतात. दहाच्या खाली पाने मलूल होतात आणि दहिवर गोठले तर झाडच जळून जाते. नागपुरात पौष महिन्यात पारा दहाच्या खाली जाणे नवे नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणून कडाक्याच्या रात्री लोक कुंड्या आत घेतात, आणि पुष्कळदा त्या उचलण्याच्या कंटाळ्याने दोन-तीन महिने आतच राहू देतात. इंग्लंड-अमेरिकेसारख्या थंड देशांत तर ऑक्टोबरपासून मिरचीची कुंडी खिडकीच्या काचेआड ठेवण्यावाचून गत्यंतरच नसते. तेथील हौशी मंडळींचीही तक्रार हीच असते की, झाड थंडीतून वाचले, पण माव्याने खाल्ले.

मावा म्हणजे काय?

मावा म्हणजे मिठाईवाल्याकडचा नव्हे आणि पानटपरीवरचाही नव्हे. (पानटपरीवरच्या तंबाखूचा या विषयाशी संबंध आहे, तो पुढे येईल.) हा एक ते अडीच मिलिमीटर लांबीचा, नासपतीच्या आकाराचा, मऊ अंगाचा कीटक होय. रंग हिरवा, पिवळसर, काळपट, कधी गुलाबीही असतो. मिरचीवर मुख्यतः दोन जातींचा मावा आढळतो. एक कापसावरचा, म्हणजे आपल्या विदर्भाचा चांगलाच परिचयाचा. दुसरा हिरवा मावा, जो बटाटा, कोबी, पीच अशा शेकडो वनस्पतींवर गुजराण करतो. भिंगातून पाहिल्यास त्याच्या पाठीमागच्या बाजूस धुराड्यासारख्या दोन बारीक नळ्या दिसतात. ही त्याची पक्की खूण आहे.

कोवळ्या शेंड्यात आणि पानाच्या खालच्या बाजूस सोंड खुपसून तो रस पितो. झाडाच्या रसात साखर भरपूर व पोषक द्रव्य कमी असते. त्यामुळे त्याला पुष्कळ रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. खालच्या पानांवर व फरशीवर जो चिकटा जाणवतो तो हाच. त्यावर पुढे काळी बुरशी धरते आणि पान काजळी फासल्यासारखे होते. हा चिकटा चाटण्यासाठी मुंग्या येतात आणि गवळी गाई राखतो तशा त्या माव्याची राखण करतात. त्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकावून लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की ती मुंग्यांची तक्रार न समजता माव्याची वर्दी समजावी.

माव्याचे खरे सामर्थ्य त्याच्या प्रजननात आहे. आपल्यासारख्या उबदार हवेत, आणि थंड देशांतील घरांच्या उबेतही, माव्याच्या माद्या नराशिवाय, अंडी न घालता, थेट पिलांना जन्म देतात आणि ती पिलेही माद्याच असतात. इतकेच नव्हे, तर जन्मणाऱ्या पिलाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. आठ-दहा दिवसांत ते पिलू स्वतः आई होते आणि एक मादी आपल्या आयुष्यात पन्नासच्या आसपास पिले देऊ शकते.

बँकेत व्याजाची कोष्टके हाताळणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रकार चक्रवाढ व्याजाचा वाटतो. समजा, बरीचशी पिले मेली आणि पंधरा दिवसांत एका माव्याचे केवळ दहाच झाले. तर महिन्याने ते शंभर होतील, दीड महिन्याने हजार आणि दोन महिन्यांनी दहा हजार. ही आकडेमोड केवळ समजुतीसाठी आहे, प्रत्यक्षात अन्न संपते व गर्दीही होते. (गर्दी झाली की काही माव्यांना पंख फुटतात आणि ते शेजारच्या कुंडीवर जातात.) परंतु मुद्दा लक्षात यावा. मुद्दल दहा असताना जे काम दहा मिनिटांचे असते, तेच दोन महिन्यांनी आवाक्याबाहेर जाते. कर्ज आणि मावा, दोन्ही लहान असतानाच फेडावेत.

मावा नक्की कसा ओळखावा?

मिरचीचे पान वाकडे झाले की आपण सरसकट 'रोग पडला' म्हणतो. उपाय करण्यापूर्वी निदान हवे. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखे झाले, तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम असते. कडा खाली वळल्या, पान अरुंद व लांबट झाले, तर कोळी नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाचा संशय घ्यावा. झाड हलवताच पांढरे बारीक जीव भुरकन उडाले तर ती पांढरी माशी होय. ती पाने आकसून टाकणारा विषाणू पसरवते. मावा असेल तर मात्र शेंड्यावर व पानाखाली गर्दी करून बसलेले, सहसा न उडणारे किडे डोळ्यांना दिसतात, हाताला चिकटा लागतो आणि खालच्या पानांवर पांढऱ्या कोंड्यासारखे कण पडलेले असतात. तो कोंडा म्हणजे माव्याने टाकलेली कात.

मावाही विषाणू पसरवतो. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाची नक्षी उमटून झाड खुरटले, तर असा रोग झाला असे समजावे. त्यावर औषध नाही. असे झाड इतर कुंड्यांपासून दूर करून काढून टाकणेच इष्ट. मावा थोडा असतानाच आवरावा, याचे हेही एक कारण आहे.

घरातच तो का फोफावतो?

पावसाळ्यात मावा फारसा दिसत नाही, कारण सरी त्याला धुऊन नेतात. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, पाऊस थांबतो आणि कोरडी, गार हवा सुरू होते. हीच हवा माव्याला मानवते. बाहेरच्या झाडावर निदान त्याचे शत्रू तरी असतात. त्यांत पहिला ढालकिडा, म्हणजे लाल-केशरी पाठीवर काळे ठिपके असणारा वाटोळा भुंगा. त्याची अळी तर त्याहून खादाड असते; ती आपल्या आयुष्यात शेकडो मावे खाते. ही अळी काळपट, केशरी ठिपक्यांची, चिमुकल्या मगरीसारखी दिसते आणि दुर्दैवाने लोक तिलाच कीड समजून चिरडतात. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या एका माशीच्या अळ्याही मावा खातात. एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी तर माव्याच्या अंगातच अंडे घालते. मग तो मावा फुगून सोनेरी-तपकिरी मण्यासारखा पानाला चिकटून राहतो. असे मणी दिसले तर ते पान मुळीच तोडू नये. त्यातून आपले साहाय्यकच बाहेर येणार असतात.

कुंडी घरात घेतली की यांपैकी कोणीही तेथे पोचत नाही. पाऊस नाही, वारा नाही, शत्रू नाही. उजेड कमी असल्याने झाड लांबट व कोवळे फुटते. त्यात आपण मायेपोटी युरियाचे चार दाणे टाकले की पाने आणखी लुसलुशीत होतात. म्हणजे माव्याला घर आपणच देतो आणि पंगतही आपणच वाढतो. कारण समजले की दुःखाच्या निवारणाचा मार्ग दिसतो, हे तथागतांनी शिकविले. ते कुंडीतल्या झाडालाही लागू पडते.

पहिल्या शीलाचा प्रश्न

आता त्या दुसऱ्या, अधिक अवघड प्रश्नाकडे वळू. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण रोज ग्रहण करतो. मग मावा मारावा की नाही? काही जण म्हणतात, 'किडा तो किडा, त्याचे काय एवढे!' दुसरे काही जण इतके संकोचतात की झाड मरू देतात. आमच्या मते ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत.

विनयात भिक्खूंसाठी या बाबतीत फार बारकाईने विचार केलेला आहे. हिरवे गवत व लहान जीव पायाखाली तुडवले जातात अशी लोकांची तक्रार झाली, तेव्हा वर्षावासाचा नियम झाला. पाण्यातील जीव पोटात जाऊ नयेत म्हणून पाणी गाळण्याचे वस्त्र भिक्खूच्या आठ परिष्कारांत धरले गेले. परंतु गृहस्थाला शेती करावी लागते, घर झाडावे लागते, धान्य राखावे लागते, हे भगवंतांना ठाऊक होते. शेती त्यांनी उपासकाला निषिद्ध सांगितली नाही. मात्र अंगुत्तर निकायात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यांत शस्त्रे, प्राणी, मांस व मद्य यांच्याबरोबर विषाचा व्यापारही आहे. हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात अहिंसेवर स्वतंत्रपणे लिहिले आहे. त्यांचे प्रतिपादन असे की, भगवंतांनी अहिंसेला आंधळा नियम केले नाही, ते तत्त्व म्हणून सांगितले. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करून वागण्याची मोकळीक देते. आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत त्यांनी स्पष्ट फरक केला. जेथे गरज नसून केवळ इच्छा आहे, तेथे हत्या सर्वस्वी वर्ज्य.

हा फरक कुंडीपाशी उभे राहून लावून पाहावा. दहा मावे दिसले म्हणून झाडावर विष ओतणे, ही गरज नव्हे. ती आपल्या आळसाने केलेली हिंसा आहे. पाण्याने भागत असेल तेथे साबण कशाला, आणि साबणाने भागत असेल तेथे विष कशाला, असा क्रम विचारी माणूस लावतो. आणि उशीर जितका जास्त, तितकी हत्या मोठी. पहिल्या आठवड्यात लक्ष दिले तर दहा जीवांचा प्रश्न असतो, दोन महिन्यांनी दहा हजारांचा. म्हणजे जागरूकता, जिला आपण अप्पमाद म्हणतो, ती येथे झाडाचेही रक्षण करते आणि शीलाचेही. या लेखात आम्हांला जे सांगायचे आहे, ते मुख्यतः एवढेच आहे.

उपायांचा क्रम

१) आत घेण्यापूर्वी तपासणी. कुंडी घरात घेण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहावे. शेंडे फार भरलेले असतील तर तेवढेच खुडावेत. नर्सरीतून आणलेले नवे रोप पंधरा दिवस इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे. पुष्कळदा मावा घरात येतो तो अशा पाहुण्याबरोबरच.

२) पाण्याची धार. हा पहिला आणि सर्वांत निर्मळ उपाय आहे. कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिकचा कागद बांधावा, झाड गच्चीत किंवा अंगणात न्यावे, थोडे आडवे धरावे आणि पानांच्या खालून पाण्याची बऱ्यापैकी जोराची धार सोडावी. एका हाताने फांदीला आधार द्यावा. माव्याची पकड सैल असते, तो गळून पडतो आणि पडलेल्यांपैकी फारच थोडे परत झाडावर चढू शकतात. हे काम सकाळी करावे, म्हणजे दिवसभरात पाने वाळतात. तीन दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा केले तर थोड्याशा माव्याला याहून जास्त काही लागत नाही.

३) ऊन आणि मोकळी हवा. नागपूरकडच्या हिवाळ्यात रात्र कडक असली तरी दुपार उबदार असते. तेव्हा कुंडी कायमची आत न ठेवता दिवसा बाहेर व फक्त गारठ्याच्या रात्री आत, असा परिपाठ ठेवावा. त्यामुळे झाड काटक राहते आणि ढालकिड्यांना त्यांचे काम करता येते. थंड देशांत हे शक्य नसते. आपल्याला शक्य आहे, तर त्याचा लाभ का घेऊ नये? बाहेर कोठे ढालकिडा सापडला तर अलगद कागदावर घेऊन मिरचीवर सोडावा.

४) मुंग्यांची वाट बंद करणे. पसरट ताटलीत विटेचा तुकडा ठेवून त्यावर कुंडी ठेवावी व ताटलीत पाणी भरावे. झाडाची फांदी भिंतीला टेकू देऊ नये, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. डास होऊ नयेत म्हणून दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे. यात मुंगीही मरत नाही आणि माव्याची राखणही सुटते.

५) खताला लगाम. हिवाळ्यात मिरची अर्धवट झोपेत असते. तिला युरियासारखे नत्रयुक्त खत देऊ नये. पाणीही वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच घालावे. झाड फार दाट झाले असेल तर एक तृतीयांश छाटावे. माघ पौर्णिमेनंतर ऊन वाढले की ते नव्याने फुटते आणि तेव्हा थोडे शेणखत किंवा गांडूळखत द्यावे.

६) साबणाचे पाणी. पाण्याच्या धारेने भागले नाही तरच हा उपाय करावा. वनस्पतींसाठी मिळणारा पोटॅशियमचा मऊ साबण मिळाला तर उत्तम. त्यावर छापलेले प्रमाण पाळावे. न मिळाल्यास सुगंध आणि ब्लीच नसलेला साधा साबण किसून, एक लिटर कोमट पाण्यात सपाट एक चहाचा चमचा विरघळवावा. बोअरिंगच्या जड पाण्यात साबण फाटतो, म्हणून नळाचे पाणी घ्यावे. आधी एकाच पानावर मारून एक दिवस वाट पाहावी. पान करपले नाही तर संध्याकाळी, ऊन गेल्यावर, पानांच्या खालून नीट भिजेल असे फवारावे आणि दोन तासांनी साध्या पाण्याने धुवावे. साबण ज्या माव्याला प्रत्यक्ष लागतो त्याच्यावरच परिणाम करतो, वाळल्यावर त्याचा प्रभाव राहत नाही. यास्तव चार-पाच दिवसांनी दोन-तीन वेळा फवारणी करावी लागते. मात्र याच कारणामुळे नंतर येणाऱ्या ढालकिड्याला त्याचा त्रास होत नाही, हा त्याचा गुणही आहे.

७) निंबोळी अर्क. ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. लागतील तेव्हा पन्नास ग्रॅम कुटून, फडक्यात पुरचुंडी बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवाव्यात. सकाळी पुरचुंडी पिळावी, पाणी गाळून त्यात थोडा साबण मिसळावा आणि त्याच दिवशी वापरावे. हा पाच टक्के अर्क झाला. निंबोळ्या नसतील तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी घालून, सारखे हलवत फवारावे. निंबोळीने मावा तत्काळ मरत नाही. त्याचे खाणे मंदावते, कात टाकणे बिघडते आणि वाढ थांबते. म्हणून आठवडाभर धीर धरावा. मिरच्या चार दिवसांनी तोडाव्यात आणि धुऊन वापराव्यात.

काय करू नये?

कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिने पाने जळतात. रॉकेल कधीही फवारू नये.

तंबाखूचा काढा हा घरोघरी सांगितला जाणारा उपाय आहे. तोही टाळावा. तंबाखूतील निकोटिन माणसालाही घातक असून ते कातडीतून शरीरात जाते. शिवाय तंबाखूच्या पानात असणारा एक विषाणू मिरचीलाही लागतो आणि तो सुकलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. म्हणून खर्रा घोटणाऱ्या किंवा बिडी ओढणाऱ्या बंधूंनी झाडाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. तंबाखूच सोडली तर अधिक चांगले. मिरचीचेही भले आणि पाचव्या शीलाचेही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतीसाठीची विषारी कीटकनाशके घरात आणू नयेत. 'गावाकडून भावाने बाटली दिली, चार थेंब टाकले की साफ' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ही औषधे मोकळ्या शेतासाठी, विशिष्ट प्रमाणात, तोंड-हात झाकून वापरायची असतात. ज्या दोन खोल्यांत आपली मुले झोपतात, जेथे चूल पेटते, तेथे ती फवारणे म्हणजे स्वतःच्या घरात विष पसरणे होय. यांतील काही औषधे झाडाच्या रसात भिनतात, म्हणजे ती मिरचीतही उतरतात आणि कितीही धुतली तरी निघत नाहीत.

बाटली नुसती घरात असणेही धोक्याचे आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. त्यांच्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते. ती गरिबांची लेकरे होती आणि शिकण्यासाठी शाळेत आली होती.

आणि विदर्भात राहणाऱ्यांनी २०१७ साल विसरू नये. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाठीवर पंप घेऊन, हातमोजे नाहीत, तोंडाला मुसके नाही, अशा स्थितीत चारशे-पाचशे रुपयांच्या आत-बाहेरच्या रोजीसाठी फवारणी करणारा माणूस कोण असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद आजही त्या शेतांत राबत आहेत. त्यांना गावी भेटायला जाल तेव्हा मुसके, मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वापरण्याचा, वाऱ्याच्या उलट दिशेने न फवारण्याचा आणि फवारणीनंतर आंघोळ करूनच जेवण्याचा आग्रह त्यांच्यापाशी जरूर धरा. विषाच्या व्यापाराला निषिद्ध ठरविणाऱ्या भगवंतांची दृष्टी किती दूरवर पोचली होती, याची साक्ष या घटना देतात.

सारांश

मावा हा काही आपला वैरी नव्हे. तो त्याच्या स्वभावानुसार जगतो. त्याला वाढू न देणे आपल्या हाती आहे. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस, रविवारी विहारातून परतल्यावर म्हणा, दहा मिनिटे काढून प्रत्येक कुंडीची पाच-सहा पाने उलटून पाहावीत. घरातील मुलांना हे काम द्यावे. ढालकिड्याची अळी कोणती आणि मावा कोणता, हे त्यांना ओळखता आले तर शाळेच्या पुस्तकातील विज्ञान त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहील. कोणता जीव राखायचा, कोणाला नुसते दूर करायचे आणि नाइलाज कोठे सुरू होतो, हा विवेकही त्यांच्या अंगी लहानपणीच येईल. शील हे केवळ वंदनेच्या वेळी म्हणण्यासाठी नसून वागण्यासाठी आहे, हे त्यांना उपदेशापेक्षा कुंडीजवळ लवकर कळेल, असा आमचा विश्वास आहे.

आपल्या संस्थेच्या महिला मंडळाने येत्या ज्येष्ठ-आषाढात विहाराच्या परिसरातील व वस्तीतील कडुनिंबाच्या निंबोळ्या एकत्र गोळा करून वाळवाव्यात आणि हिवाळ्यात गरजू घरांना वाटाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. खर्च काहीच नाही, लागेल ते थोडे श्रमदान.

सर्वांच्या घरी मिरची बहरो, आणि सर्व प्राणिमात्र सुखी होवोत.

जय भीम! नमो बुद्धाय!